गुंगी नको, गाडी खाली लावलीय

गुरुवारी सकाळी इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर डाव्या कुशीवर निजलेला तोरग्रिम स्काइदे असा काही बोंबलला, की तळमजल्यावरच्या कॅन्टीनमध्ये एका माणसाच्या हातातलं वॉफल जॅमची बाजू खाली करून पडलं.

असं काहीही घडलेलं नाही. तोरग्रिम बोंबलला नाही. वॉफल पडलंच असेल, तर तो त्या माणसाचा आणि कॅन्टीनचा आपसातला मामला आहे. जो आवाज आला तो लिफ्टचा होता. तोरग्रिमची अधिकृत भूमिका काही काळ हीच होती आणि तूर्त आपणही तीच धरून चालू.

नॉर्वेत माणूस पंचावन्न वर्षांचा झाला की सरकार त्याला भेट म्हणून पोस्टाने एक नळी आणि एक काडी पाठवतं. नळीत काय भरायचं हे सरकारने चित्रं काढून समजावलेलं असतं, तेव्हा आपण ते पुन्हा नको काढायला. तोरग्रिमने नळी भरली, पाठवली, आणि उत्तर आलं की रक्ताचा अंश सापडला आहे, घाबरण्याचं कारण नाही, कोलोनोस्कोपीला या.

तोरग्रिम घाबरला नाही. तो नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात होता आणि जमिनीखालच्या पाइपांत कॅमेरा सोडून गळती शोधणं हेच त्याचं काम होतं. "वीस वर्षं मी पाइपात कॅमेरे घालतोय," तो म्हणाला, "आजवर एकही पाइप ओरडलेला नाही."

खरी भीती पत्राच्या दुसऱ्या पानावर होती. गुंगीचं इंजेक्शन हवं असेल तर मिळेल, पण मग दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी चालवता येणार नाही. न्यायला एक जबाबदार प्रौढ व्यक्ती यावी लागेल आणि तिने रात्री सोबतही राहावं. टॅक्सीवाला या व्याख्येत बसत नाही. गुंगी न घेतल्यास आपलं आपण उठून घरी जावं.

आता 'कुणाला तरी सांग' हे म्हणायला सोपं आहे. तोरग्रिम राहायचा त्या सोल्बाक्केन सोसायटीत ते तसं नव्हतं. तिथे वसंतात श्रमदानाची हाक दिली की चाळीस माणसं हातमोजे घालून अंगणात उतरतात, एकमेकांचं छप्पर रंगवतात, एकमेकांच्या मुलांच्या सायकलींना तेलपाणी करून देतात, आणि ज्याला कंबर आहे तो कंबर मोडून घेतो. सगळ्यांनी सगळ्यांसाठी केलं की ते श्रमदान. पण एका माणसाने एका माणसाला 'मला जरा घरी सोडशील का' असं विचारलं की ती याचना. तोरग्रिमच्या वडिलांनी उभ्या आयुष्यात कुणाकडे शिडी मागितली नव्हती. पडले तेसुद्धा स्वतःच्याच शिडीवरून.

तोरग्रिमची बायको सोल्वी फेरीबोटीवर इंजिनिअर होती आणि त्या आठवड्यात तिची बोटीवर ड्युटी होती. तिने फोनवर दोन मिनिटांत प्रश्न सोडवला.

"ऐलिफला सांग की."

"त्याला कशाला त्रास?"

"तोरग्रिम, ऐलिफ आपल्या डोक्यावर राहतो. त्याला फक्त जिना उतरायचाय."

"तेच म्हणतोय मी. जिना आहे."

"मग घेऊ नकोस गुंगी," सोल्वी म्हणाली. मागे इंजिन धडधडत होतं. "आणि नंतर मला सांगू नकोस की मी सांगितलं नव्हतं."

अशा रीतीने तोरग्रिमने गुंगी न घेण्याचा निर्णय घेतला. यात शौर्याचा भाग मुळीच नव्हता. होता तो फक्त पार्किंगचा.

ऐलिफ म्हणजे वरच्या मजल्यावरचा संगीत शिक्षक. एकटा माणूस आणि एक मांजर. दोघांपैकी मांजर जास्त बोलकं. त्याच संध्याकाळी तो जिन्यात तोरग्रिमला भेटला आणि कचऱ्याची पिशवी या हातातून त्या हातात करत राहिला.

"तुझ्या टपालपेटीत इस्पितळाचं पाकीट दिसलं. बोलावलंय ना?"

"हो. किरकोळ."

"मलाही." ऐलिफने पिशवी परत पहिल्या हातात घेतली. "माझ्याही नळीत निघालं. अजून तारीख घेतलेली नाही."

"का रे?"

"बघू म्हटलं." मग तो जिन्याच्या कठड्याकडे बघत म्हणाला, "बाबा माझे आतड्याच्या कॅन्सरनेच गेले ना. डॉक्टरने विचारलं की 'ठीक आहे', आईने विचारलं की 'ठीक आहे'. शेवटच्या दिवशीसुद्धा ठीकच होते. तू एक कर तोरग्रिम. तू जाऊन ये, आणि कसं होतं ते मला खरं सांग. त्यावर मी ठरवीन जायचं की नाही."

"सांगतो," तोरग्रिम म्हणाला. शब्द दिला आणि विसरला नाही. फक्त त्याची नक्की किंमत त्याला तेव्हा कळली नव्हती.

हे सगळं दोघांतच राहिलं असतं, पण तपासणीच्या आधी तीन-चार दिवस कोंडा, बिया, दाणे काही खायचं नसतं. म्हणून तोरग्रिम दुकानात गेला आणि त्याने पांढरा पाव घेतला.

ज्या गावात ब्रेड जितका काळा, तितका माणूस सज्जन असं मानतात, तिथे एका कमावत्या गृहस्थाने भरदिवसा पांढरा पाव घेणं ही लपणारी गोष्ट नव्हे. सोसायटीची अध्यक्ष गुन्वोर नेमकी रांगेत त्याच्या मागे होती. गुन्वोर म्हणजे स्कीइंगची निवृत्त प्रशिक्षक. साठी उलटली तरी बर्फावरून डोंगर चढताना ती बोलत बोलत पुढच्याला ओलांडते.

तिने पावाकडे बघितलं. मग तोरग्रिमकडे. मग आवाज खाली आणून म्हणाली, "घरी सगळं बरं आहे ना? सोल्वी गेली का सोडून?"

आता माणसाने काय करावं? बायको सोडून गेली म्हणावं की आतडं बाहेर काढावं? तोरग्रिमने दुसरा मार्ग धरला आणि कोलोनोस्कोपी सांगून टाकली.

"गुंगी घेऊन?"

"छे, तशीच."

गुन्वोरचा चेहरा उजळला. दुकानातून बाहेर पडायच्या आत तिने तीन माणसांना सांगितलं. संध्याकाळी तोरग्रिम कपडे धुवायला तळघरात गेला तर मशीनपाशी उभे असलेले लोक बाजूला सरकले. सरकणं म्हणजे काय हे सोल्बाक्केनला राहिल्याशिवाय कळणार नाही. तिथे मशीनच्या पाळीवरून दोन कुटुंबं नाताळात एकमेकांना शुभेच्छा देत नाहीत.

कुणी सांगितलं, लोकरीचे मोजे घालून जा, पाय गरम असले की आतडं सैल राहतं. कुणी म्हणालं, डोळे मिटून आपल्या डोंगरातल्या लाकडी कॅबिनचा विचार कर. फक्त तिचं छप्पर गळत असेल तर नको. गुन्वोरने स्वतः त्याला चढावर घ्यायचा श्वास शिकवला. दोन आत, एक बाहेर. तोरग्रिम जिना चढताना तसा श्वास घेऊ लागला आणि खरं सांगायचं तर त्याला स्वतःचा अभिमान वाटू लागला. गाडी आपण नेमकी कशासाठी नेतो आहोत, हे तो हळूहळू विसरला. आरशात बघताना त्याला आता आपली हनुवटी दिसायची. पूर्वी दिसत नसे.

फक्त ऐलिफ हे सगळं ऐकायचा आणि दिवसेंदिवस पांढऱ्या पावासारखा होत चालला होता.

आता अडचण अशी होती, की गुरुवारच्या तपासणीसाठी पोट साफ करायचं औषध बुधवारी संध्याकाळी घ्यायचं होतं, आणि बुधवारी संध्याकाळी श्रमदान होतं. बर्फावर घसरू नये म्हणून थंडीभर रस्त्यावर टाकलेली खडी झाडून गोळा करायची. खडीचा प्रमुख तोरग्रिम. त्याने आधी इस्पितळाला फोन केला.

"तारीख बदलून मिळेल का? श्रमदान आहे."

"श्रमदान हे वैद्यकीय कारणांत येत नाही," पलीकडची बाई म्हणाली. मग जरा थांबून, "तुमच्याकडेही उद्याच आहे का? आमच्याकडेही."

मग त्याने गुन्वोरला विचारलं. गुन्वोरने नियमावली काढली. गैरहजेरीला बाळंतपण चालत होतं, समुद्रावर असणं चालत होतं, मेंढ्या व्यायला आल्या असतील तर तेही चालत होतं. आतड्याचा उल्लेख कुठे नव्हता.

"आणि खरं सांगू?" गुन्वोर म्हणाली. "तुझ्यासारख्या माणसाला औषधाचं काय एवढं? दोन आत, एक बाहेर."

तुझ्यासारख्या माणसाला! यानंतर घरी थांबणं शक्यच नव्हतं. तोरग्रिमने अंगणात उतरण्याआधी पाण्यात कालवलेलं ते औषध घटाघट प्यायलं. चव समुद्रात संत्रं बुडालं असावं अशी. पाकिटावर लिहिलं होतं, परिणाम कधी होईल ते व्यक्तीवर अवलंबून आहे, शौचालयाजवळ राहावे. तोरग्रिमला वाटलं, व्यक्ती आपण आहोत, तेव्हा ठरवणारेही आपणच.

खडीची पहिली ढकलगाडी त्याने रुबाबात नेली. दुसरी जरा घाईने नेली. तिसरी ढकलगाडी त्याने अंगणाच्या मधोमध सोडून दिली आणि तो पळत सुटला. लोकांना वाटलं, गाडी घरंगळतेय म्हणून पळतोय, आणि मदतीला म्हणून चार जण त्याच्या मागे पळाले. तोरग्रिमचं घर दुसऱ्या मजल्यावर, गुन्वोरचं तळमजल्यावर. विचार करायला वेळ नव्हता. तो गुन्वोरच्या दारातून आत घुसला आणि संध्याकाळ संपेपर्यंत बाहेर आला नाही. बाहेर सॉसेज भाजल्याचा वास येत होता. मधूनमधून गुन्वोर दारावर टकटक करून विचारायची, "दोन आत, एक बाहेर ना?"

"बाहेरच जास्त आहे," आतून उत्तर यायचं.

एवढं होऊनही गुरुवारी सकाळी तो ताठ मानेने, स्वतःची गाडी स्वतः चालवत इस्पितळात गेला. लोकरीचे मोजे घालून.

योस्ताइन नावाचा नर्स होता. ओंडक्यासारखे हात, आणि सगळं लक्ष रविवारच्या मासेमारीकडे. त्याने हाताच्या शिरेत सुई बसवून ठेवली. डॉक्टर इडुन वयाने तोरग्रिमच्या मुलीएवढी. तिने विचारलं, "गुंगीचं औषध देऊ का?"

"गुंगी नको," तोरग्रिम म्हणाला. "गाडी खाली लावलीय."

"मग लागलं तर सांग. सुई बसवलेलीच आहे."

सुरुवात ठीक होती. पडद्यावर आपलंच गुलाबी भुयार बघताना त्याला व्यावसायिक उत्सुकता वाटली. "जोड चांगला घेतलाय," तो एका वळणावर म्हणालादेखील. मग पोटात हवा भरायला लागली.

"शून्य ते दहा, किती दुखतंय?" योस्ताइनने विचारलं.

"ठीक आहे."

"ठीक आहे हा आकडा नाही."

"बाहेर वारा पडला वाटतं," तोरग्रिम म्हणाला. कपाळावर घाम होता.

योस्ताइन डॉक्टरकडे वळला. "हवामानावर आलाय. जरा थांब."

"नाही नाही, चालू दे," तोरग्रिम म्हणाला. "यंदा बर्फ लवकर वितळलं. बटाटे पण... लवकर... लावता..."

"बटाट्यावर आला," योस्ताइन म्हणाला. "आठच्या पुढे आहे. सुई देऊ या?"

"गाडी," तोरग्रिम दात आवळून म्हणाला, "खाली..."

तेवढ्यात नळी डावीकडच्या मोठ्या वळणावर पोचली, आणि जो आवाज लिफ्टचा होता तो आला.

लपवण्यात आता अर्थ नाही. त्या आवाजात शब्द होते. पोटात धरून ठेवलेले, वडिलांनी कधी न उच्चारलेले, स्पष्ट, खणखणीत शब्द. तोरग्रिम ओरडला, "मला कुणीतरी न्यायला या!"

इडुनने नळी थांबवली.

"म्हणजे औषध हवंय त्याला," योस्ताइन म्हणाला, आणि दिलं.

त्यानंतरची हकिकत तोरग्रिमला माहीत नाही, कारण त्या औषधाने दुखण्याबरोबर आठवणही जाते. इतरांच्या सांगण्यानुसार तो फार प्रसन्न होता. त्याने डॉक्टरला पाणीपुरवठा खात्यात नोकरी देऊ केली. आतड्यात मांसाचे दोन कोंब सापडले, ते काढताना त्याने त्यांचा निरोप घेतला. मग त्याला विश्रांतीच्या खोलीत नेलं, फोन हातात दिला आणि सांगितलं, न्यायला कुणाला तरी बोलाव. तोरग्रिमने एका माणसाला बोलावण्याऐवजी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं:

'श्रमदान. आत्ता. इस्पितळात. मला घरी न्यायचंय. हातमोजे आणा.'

हे वाचून एखाद्या दुसऱ्या देशातले लोक हसले असते. सोल्बाक्केनच्या लोकांनी 'श्रमदान' हा शब्द वाचला आणि बूट घातले. तोरग्रिम गुंगीतून जरासा वर आला आणि योस्ताइनच्या आधाराने खालच्या दालनात उतरला, तेव्हा समोर अकरा माणसं उभी होती. हातांत हातमोजे, तिघांकडे झाडू, एका बाईकडे बाबागाडीतलं बाळ, दोन थर्मास कॉफी, आणि कुणीतरी सवयीने ढकलगाडीही आणली होती.

"जबाबदार प्रौढ व्यक्ती कोण आहे?" योस्ताइनने विचारलं.

अकरा हात वर झाले.

"एकच लागते."

"मग मतदान घेऊ या," गुन्वोर म्हणाली.

एवढ्यात कॅन्टीनच्या बाजूने ऐलिफ आला. त्याला दालनात बघून कुणाला आश्चर्य वाटलं नाही, श्रमदानाला आला असेल असं सगळ्यांनी धरलं. फक्त त्याच्याकडे हातमोजे नव्हते.

"कसं झालं?" त्याने विचारलं.

सगळे ऐकत होते. गुन्वोर अभिमानाने बघत होती. दोन आत, एक बाहेर.

"काही नाही," तोरग्रिम म्हणाला. "थोडं जाणवलं. ठीक आहे."

"ठीक आहे," ऐलिफने मान डोलावली. "बरं. ठीक आहे म्हणजे ठीकच." आणि तो हळूच दाराकडे वळला.

गुंगी अजून पुरती उतरली नव्हती, पण ते दोन शब्द ऐलिफच्या तोंडून ऐकून तोरग्रिमला ऐलिफचे बाबा आठवले. मग त्याची नजर खाली गेली.

"ऐलिफ. तुझ्या बुटावर जॅम कसला?"

"वॉफलचा."

"तू इथे कधीपासून आहेस?"

"तू आत गेलास तेव्हापासून." ऐलिफ वळला नाही. "बसने आलो. म्हटलं, बाहेर कसा येतोस ते बघावं. ऐकलं मी सगळं, तोरग्रिम. तुला नाही झेपलं तर मला काय झेपणार? मी काही तारीख घेत नाही."

लिफ्टची भूमिका इथे संपली.

"मी बोंबललो!" तोरग्रिम म्हणाला. दालनातले अनोळखी लोकही थांबले.

"अरे, लोकांसमोर कशाला," गुन्वोर पुटपुटली.

"लोकांसमोरच! मी बोंबललो, आणि मन लावून बोंबललो. पाइप ओरडत नाही कारण पाइपला कुणी विचारत नाही, गुन्वोर. मला दोनदा विचारलं आणि मी बटाट्यांबद्दल बोलत बसलो. का? तर कुणाला न्यायला या म्हणावं लागू नये म्हणून! शौर्य वगैरे काही नव्हतं. पार्किंगमध्ये गाडी होती." त्याने दम घेतला. छाती फुगली होती. असा ताठ तो लग्नातसुद्धा उभा नव्हता. "ओरडलो तेव्हा सुई दिली. त्यानंतर मला एवढंसुद्धा कळलं नाही. दोन कोंब काढले, त्यांचाही पत्ता नाही. ऐलिफ, तू माझ्यासारखा गाढवपणा करू नकोस. तू आधीच सुई घे."

ऐलिफने बुटावरचा जॅम दुसऱ्या बुटाने पुसला.

"घेतली असती," तो हळू म्हणाला. "पण मग मला न्यायला कोण येणार?"

समोर अकरा माणसं हातमोजे घालून उभी होती. गुन्वोरने एका हाताचा मोजा काढला, खिशातून फोन काढला आणि विचारलं, "तारीख कुठली घ्यायची बोल. तेवढा मंगळवार नको, मंगळवारी कपड्यांची माझी पाळी आहे."

ऐलिफची तपासणी झाली. त्याने सुई आधीच घेतली. न्यायला सतरा माणसं आली. त्यांतली दोन दुसऱ्याच सोसायटीतली होती, त्यांना वाटलं इस्पितळातच दर आठवड्याला श्रमदान असतं. रात्री सोबतीला तोरग्रिम राहिला आणि मांजराने त्याला पलंगावर जागा दिली. ऐलिफच्या आतड्यातून तीन कोंब निघाले. त्यांतला एक, डॉक्टर इडुन म्हणाली, आणखी दोन-तीन वर्षं राहिला असता तर वाईट झालं असतं. आता नाही होणार.

हे सगळं उत्तमच झालं. पण ऐलिफ आता जिन्यात भेटेल त्याला सांगतो, "मी हूं की चूं केलं नाही." लोक कपड्यांच्या मशीनपाशी त्याला वाट देतात. आणि इस्पितळाकडून तोरग्रिमला त्याचा अहवाल आला, त्यात शेवटी लिहिलं होतं: 'रुग्णाने तपासणी उत्तम प्रकारे सहन केली.'

माणूस सगळं सहन करील, पण हे नाही. तोरग्रिमने त्याच दिवशी टेबलाशी बसून पुढील अर्ज लिहिला आणि साक्षीदार म्हणून त्यावर ऐलिफची सही घेतली:

'माननीय वैद्यकीय अधीक्षक यांस,

माझ्या अहवालातील "उत्तम प्रकारे सहन केली" हे विधान वस्तुस्थितीला धरून नसल्याने ते रद्द करावे, आणि त्याजागी "रुग्णाने तपासणी अजिबात सहन केली नाही, तो वेळेवर, स्पष्ट शब्दांत व तळमजल्यापर्यंत ऐकू जाईल असा ओरडला, आणि त्यामुळे दोन माणसांची सोय झाली" अशी नोंद घ्यावी. सदर नोंदीची एक प्रत सोल्बाक्केन सोसायटीच्या तळघरात, कपडे धुण्याच्या मशीनवर लावण्यासाठी मिळावी. तसेच ही आरोळी लिफ्टची असल्याचा जो समज मध्यंतरी पसरला होता, त्याबाबत लिफ्टकडून लेखी खुलासा मागवून घ्यावा, ही नम्र विनंती.'